मालकाची जीभ

जैनबाक्का माझ्याकडे चहा न घेता यायची. सकाळी सातला, तोंड कोरं ठेवून. आता फेब्रुवारीच्या अखेरीस उगवतीचं ऊनही टोचतं, म्हणून डोक्यावर ओला पंचा टाकून ती बांधावरून उतरायची, आणि मी कात्री घेऊन वेलीखाली तिची वाट बघत उभी असायची.

मी पद्मजा मगदूम. तासगावच्या पुढच्या माळावर माझं बेदाण्याचं शेड आहे. जाळ्यांचे अकरा रॅक आणि त्यांना लागून पाच एकर बाग. बांधापलीकडे जैनब मुलाणीचं शेड आणि तिची बाग. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचा धंदा एकच, पण आम्ही एकमेकींच्या आड कधी आलो नाही, कारण माळावरची रीत आम्हाला तसं येऊ देत नव्हती.

रीत अशी. बेदाण्यासाठी घड कुठल्या दिवशी उतरवायचे हे मालकानं आपल्या जिभेनं ठरवायचं नाही. द्राक्ष एकदा वेलीवरून उतरलं की परत चढत नाही. दोन दिवस लवकर उतरवलं तर साखर भरलेली नसते, बेदाणा चपटा आणि हलका निघतो. दोन दिवस उशीर केला आणि जाळीवर पसरल्यावर पाऊस आला, तर पंधरा दिवसांचं वाळवण काळं पडतं. मधला नेमका दिवस कुठला, ते कुणालाच ठाऊक नसतं. साखर मोजायचं यंत्र खिशात असतं, पण ते एका मण्याची साखर सांगतं. बागेत मणी लाखांनी असतात. आणि मालकाची जीभ खोटी. आभाळ भरून आलं की भीतीनं तिला आंबट मणीसुद्धा गोड लागतो. आभाळ निवळलं की हावेनं ती म्हणते, अजून भरू दे.

निवडायला बसलेल्या बायका म्हणायच्या,

आपल्या जिभेला, बाई, आपली साखर गोड
शेजीच्या जिभेवर, मणी पारखून फोड

म्हणून चव शेजारणीनं सांगायची. मालकिणीनं वेलीवरून तीन मणी तोडायचे, एक घडाच्या खांद्याचा, एक पोटाचा, एक टोकाचा, आणि तिच्या तळहातावर ठेवायचे. तिनं खाऊन एकच शब्द बोलायचा. 'आज', नाहीतर 'थांब'. बदल्यात काही द्यायचं नाही, तिच्या बागेची चव आपण सांगायची. आणि चव सांगणारीसमोर मालकिणीनं स्वतः मणी तोंडात टाकला, तर ते नातं तुटलं असं समजायचं. असं कुणी केल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत अजित गेले. रात्री जेवून झोपलेले माझे यजमान सकाळी उठलेच नाहीत. पुढच्याच महिन्यात बाग तयार झाली. मी कात्री घेऊन वेलीखाली उभी राहिले आणि हात उचलेना. आक्का आली, तीन मणी घेतले. त्या दिवशी तिला फार वेळ लागला.  मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज."

त्या वर्षीचा बेदाणा सोन्यासारखा निघाला. त्यानंतर मी तिला सगळंच विचारायला लागले. मजूर कुठून आणायचे, माल शीतगृहात किती दिवस ठेवायचा, नवीन रॅक घालू की नको. ती हसायची. म्हणायची, "पदमे, उद्या नाक शिंकरायचं तरी मला इचारून शिंकरशील." आणि तरी सांगायची. दिवस बुडायच्या आत जेवायचं हा माझा नेम. हंगामात मला घरी जाणं जमायचं नाही, तर पाचच्या ठोक्याला तिचा डबा माझ्या शेडच्या खुंटीला टांगलेला असायचा. कांदा-लसूण टाळून केलेला, वेगळ्या भांड्यातला.

मग ते वाईट वर्ष आलं.

आता आभाळाचं असं झालंय की तीन दिवसांपलीकडचा अंदाज नुसता पन्नास-पन्नास असतो. एका शिवारात गारा पडतात आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते. त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला आमच्या मंडळातल्या बारा शेडवाल्या बायकांपुढे एकच प्रश्न होता, उतरवायचं की थांबायचं. त्या आठवड्यात चव 'आज' अशीच येत होती, आक्कानंही तसंच सांगितलं होतं. पण जिला फोन करावा ती म्हणायची, थांबलेलं बरं. मी सहा जणींना विचारलं आणि सहाही जणी थांबा म्हणाल्या, म्हणून मीही थांबले. आक्काही माझ्यासाठी थांबली. सातव्या दिवशी गारांनी घड वेलीवरच झोडपले. बाराही बागा गेल्या.

तेव्हा केतकी आली. माझ्या बहिणीची मुलगी, केतकी हेरवाडे. सांगलीत एका संशोधन केंद्रात काम करते. माणसं अनिश्चित वेळी निर्णय कसे घेतात, त्यात ओळखीपाळखीचा हात किती, हा तिचा विषय. तिनं आमच्या बारा जणींचे त्या आठवड्यातले फोन आणि निरोप परवानगी घेऊन तपासले आणि मंडळाच्या बैठकीत पडद्यावर एक चित्र दाखवलं. बारा ठिपके आणि त्यांच्यामधले धागे.

तिनं समजावलं ते असं. बारा जणींना विचारलं की बारा मतं मिळाली असं आपल्याला वाटतं. पण त्या बारा जणींनी आपापलं मत कुठून आणलं ते बघायला हवं. एकाच विहिरीचं पाणी बारा घागरींत भरलं तर बारा विहिरी होत नाहीत. त्या आठवड्यात सगळ्यांचं मत शेतीच्या औषधांच्या एका दुकानदाराकडून आलं होतं. तो रोज सकाळी गिऱ्हाइकांना बोलका निरोप पाठवायचा. त्यानं सांगितलं होतं, जाणती माणसं थांबतायत.

"आणि त्याला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

केतकीनं त्यालाही विचारलं होतं, तिनं धागा मागे नेला. तो माझ्या ठिपक्यावर येऊन थांबला. आदल्या संध्याकाळी औषध घेताना मीच सहज म्हणाले होते, बहुतेक थांबावं लागेल. माझंच वाक्य गावभर फिरून सहा तोंडांनी माझ्याकडे परत आलं होतं, आणि मी ते सहा जणींचं मत समजून मान डोलावली होती.

बैठकीत कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.

केतकीच्या यंत्राचं नाव 'वीण'. मनगटाला बांधायचा पट्टा आणि मोबाइलमधली एक खिडकी, एवढंच. पट्टा नाडी मोजतो, कातडीवरचा घाम मोजतो, बोटांकडे जाणाऱ्या स्नायूंचा ताण मोजतो. मन एखाद्या बाजूला झुकायला लागलं की ते आपल्या ध्यानात येण्याआधी शरीरात उमटतं, काही सेकंद आधी. कुणाशी बोलण्याआधी आपण किती झुकलो होतो आणि बोलल्यावर किती सरकलो, यातला फरक वीण टिपते. असे शेकडो फरक जमले की तिला कळतं, कुणाच्या शब्दाचं आपल्यावर किती वजन आहे. तेवढी धाग्याची जाडी. आणि त्या शब्दातून आपल्याला ठाऊक नसलेलं काही आलं का, हे धाग्याच्या रंगावरून कळतं. नवी माहिती आणणारा धागा गडद. आपलंच आपल्याला परत देणारा धागा पांढरा. त्याला ते लोक प्रतिध्वनी म्हणतात.

दिवाळीला मी पट्टा बांधला. फेब्रुवारीत बागेच्या पहिल्या तीन तुकड्यांची चव आक्कानं सांगितली तेव्हाही तो मनगटावर होता. आक्कानं बघितला आणि म्हणाली, "ह्या वयात बांगडी बरी घातलीस." तिचा आवाज त्या महिन्यात घोगरा झाला होता. मला वाटलं, धूळ.

महिन्याच्या शेवटी केतकी आलेख बघायला आली. शेडच्या सावलीत बसून तिनं माझं चित्र उघडलं. पंचवीस-तीस धागे होते. त्यांत एक मनगटाएवढा जाड होता. आणि पांढराशुभ्र.

तो जैनबाक्काचा होता.

मी म्हटलं, यंत्र चुकलंय. ती चव सांगते, चव म्हणजे माहितीच की. केतकीनं तिन्ही सकाळींचे आलेख एकाखाली एक लावले. आक्का 'आज' म्हणाली किंवा 'थांब' म्हणाली, त्याच्या दहा-बारा सेकंद आधीच माझ्या पट्ट्यात तेच उत्तर आलेलं होतं. दर वेळी, एकदाही न चुकता.

"मावशी, ती तुला नवं काहीच सांगत नाही," केतकी हळूच म्हणाली.

"मग ती मणी खाऊन करते काय?"

ते वीण सांगू शकत नव्हती. खिडकीत खाली सल्ला आला होता. हा दुवा प्रतिध्वनी आहे, निर्णयाच्या काळात शांत ठेवावा. शांत ठेवायचा म्हणजे हंगाम संपेपर्यंत त्या माणसाचे फोन आणि निरोप आपल्यापर्यंत येऊ द्यायचे नाहीत. केतकी म्हणाली, घाई नको, अजून थोडं मोजू. पण माझ्या डोक्यात मागच्या वर्षीच्या गारा वाजत होत्या. एकदा मी माझ्याच प्रतिध्वनीला फसले होते.

दुसऱ्या सकाळी मी चौथ्या तुकड्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात गेले. तिथं कडुनिंबाची सावली पडते, मार्च संपला तरी तिथले मणी आंबटच राहतात. तिथले तीन मणी तोडून मी मुठीत धरले आणि उन्हातल्या ओळीत येऊन उभी राहिले. निवडणाऱ्या आठ-नऊ बायका बांधावर क्रेट उतरवत होत्या. आक्का आली. मी मूठ तिच्या तळहातावर रिकामी केली.

ती मण्यांकडे बघत राहिली. "तोडून का आणलेस? वेलीवरनं दे की."

"हेच घे," मी म्हटलं.

तिनं एकेक मणी तोंडात टाकला. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. दात आंबावेत असे मणी, आणि ती साखर चघळावी तशी चघळत होती. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी चेहरा दगडाचा केला होता.

"आज," ती म्हणाली. पण अडखळून.

मी परत कोपऱ्यात गेले. त्याच घडाचा एक मणी तोडला, तिच्यासमोर आणला, आणि बांधावरच्या बायकांच्या देखत माझ्या तोंडात टाकला. कुणीतरी बांगड्यांचा हात तोंडावर नेल्याचा आवाज आला. मणी इतका आंबट होता की डोळ्यांत पाणी आलं.

"तुझ्या मेलेल्या जिभेवर मी माझं शेड टांगून ठेवलं होतं, आक्का," मी म्हटलं. "चव कधी गेली तुझी?"

तिनं पंचा डोक्यावरून काढला, पिळला, पुन्हा घेतला. बांध चढताना मागे वळली.

"आज सांजच्याला जमायचं नाही म्हणून डबा सकाळीच केला. खुंटीला हाय. दिवस बुडायच्या आत खा."

मी खाल्ला नाही. त्या दिवशी उपाशी राहिले आणि दुसऱ्या सकाळी एका बाईच्या हाती डबा परत धाडला, न उघडता. आणि वीणची खिडकी उघडून तो पांढरा धागा शांत केला. एक बोट टेकवावं लागतं, एवढंच.

तो हंगाम मला चांगला गेला. खोटं कशाला बोलू. वीणनं मला तीन नवे धागे जोडून दिले, विजापूरकडचे एक बागवाले, मातीचं तापमान सांगणारी एक उपग्रहाची सेवा आणि शीतगृहातली एक जाणती बाई. तिन्ही गडद रंगाचे. त्यांचं ऐकून मी चौथा आणि पाचवा तुकडा उतरवला आणि माल असा हिरवा, टपोरा निघाला की व्यापारी मूठ भरून हुंगत राहिले. फक्त एक होतं. पूर्वी सातला आलेला शब्द ऐकून सव्वासातला कात्री चालायची. आता साडेआठ वाजले तरी मी वेलीखाली उभी असायची, एकदा आभाळाकडे बघत, एकदा मनगटाकडे.

बांधापलीकडे आक्काची बाग उभीच होती. माझे घड जाळ्यांवर सुकत आले तेव्हा तिचे वेलीवर मधासारखे पिवळे झाले. मग तपकिरी. साळुंक्या दिवसभर त्यात असायच्या. बायका सांगायच्या, मुलाणीणबाईंनी मजुरांना बजावलंय, चव सांगणारं माणूस आल्याशिवाय कात्री लावायची नाही. ती चव सांगणारी मीच. मला ते ऐकून, देवा, बरं वाटायचं. मी मनाशी म्हणायची, गरज तिला आहे, येईल. बांध काही लांब नाही.

निवडताना एकदा बायकांनी नवीच ओवी धरली.

मणी सुकला जाळीत, गोडी राहिली आत
जिभेला कळंना, तरी ओळखिला हात

विचारलं तर म्हणाल्या, मुलाणीणबाईंनी बांधलीय. पूर्वी त्या आमच्यात बसून अशाच बांधायच्या. मला वाटलं, टोमणा आहे, माझ्याच शेडात मला ऐकवतात. मी म्हटलं, माझ्या छपराखाली ही म्हणायची नाही.  मग कुणी कुठलीच ओवी म्हणेना. नुसता बेदाणे पाखडल्याचा आवाज यायचा.

पंधरा एप्रिलला हंगाम संपला आणि वीणनं शांत ठेवलेला धागा आपोआप मोकळा केला. मोबाइलवर एकदम सात फोन दिसले, न लागलेले. सगळे तीन ते नऊ मार्चच्या मधले. सगळे सकाळी सातचे. दहा तारखेपासून एकही नाही.

त्याच दुपारी केतकी आली. न कळवता, एसटीनं, चप्पल न काढताच ओसरीवर बसली. तिनं जुने आलेख पुन्हा तपासले होते. "आम्ही नाडी बघितली, घाम बघितला," ती म्हणाली. "बोटांचा आलेख वेगळा काढून बघायचा राहिला, मावशी. बोटं बाहेरून कुणी वाचत असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही."

तिनं दाखवलं. मी वेलीवरून मणी तोडते तेव्हा बोटांचा ताण दर वेळी सारखा नसतो. घड कच्चा असला की बोटं आवळलेली राहतात. भरलेला असला की ती एक क्षण सैल पडतात, कुणी झोपलेल्या बाळाची मूठ सोडवावी तशी. तीस वर्षं द्राक्षं हाताळून माझ्या हाताला जे कळत होतं, ते माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हतं. आणि जिथं जिथं बोटं सैल पडली होती, तिथं तिथं आक्का दहा-बारा सेकंदांनी 'आज' म्हणाली होती. तो शब्द ऐकला की माझी धावती नाडी उतरायची.

"तिच्या शब्दानं तुला काय मिळत होतं ते मोजायचं माप आमच्याकडे नव्हतं," केतकी म्हणाली. "म्हणून आम्ही तिथं शून्य लिहिलं."

मी पट्टा सोडला आणि बांध ओलांडला.

दार बाबालालभाईंनी उघडलं, आक्काच्या मालकांनी. मला बघून ते बाजूला झाले. म्हणाले, "या वैनी. ती आता बोलत नाही." मग खाली बघून म्हणाले, "म्हंजी, बोलता येत नाही. अकरा तारखेला मिरजेत आपरेशन झालं. गळ्यातली गाठ परत आली होती, आवाजाची पेटीच काढली. दहाला दाखल केलं, कुणाला सांगू नका म्हणाली. नऊपर्यंत चांगली बोलत होती."

गाठ परत आली म्हणजे आधी होती. अजित गेले त्याच्या आधी तिला मिरजेत शेक दिले होते ते मला माहीत होतं. घशाला सूज आहे असं तिनं सांगितलं होतं. ते शेक किरणांचे होते आणि त्यांनी चव जाते हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी तिला इतकं काय काय विचारलं, तेवढं सोडून.

आक्का खाटेवर बसली होती, गळ्याला पांढरा रुमाल. शेजारी पाटी आणि खडू. मला बघून तिनं खाटेवरची जागा हातानं झाडली.

मी तिच्या पायाशी बसले आणि काय बोलायचं ते ठरवून आलेलं सगळं विसरले. शेवटी म्हणाले, "आक्का, मी तुझ्यासमोर मणी खाल्ला."

तिनं पाटी ओढली. लिहिलं, 'आंबट होता?'

"लई आंबट होता."

तिचे खांदे हलले. हसत होती. आवाजाशिवायचं हसणं मी पहिल्यांदा बघितलं. मग मला रडू आवरेना, आणि ती माझ्या डोक्यावर हात ठेवून तशीच बसली. मी विचारलं, चव गेल्याचं मला का सांगितलं नाहीस. ती पाटी पुसत पुसत लिहीत गेली.

'सांगायलाच आले होते. तू कात्री घेऊन उभी. अजितभाऊंना महिना झालेला.'

पुसलं.

'तोंडात माती आणि मणी सारखेच. मग तुझा हात बघितला.'

पुसलं.

'गोडी तुझ्या हाताला कळायची. मी नुसती मोठ्यानं वाचायची.'

हे तिनं बराच वेळ पुसलं नाही.

खिडकीतून तिची बाग दिसत होती. वेलींवर काळे, सुरकुतलेले झुबके. "फोन कशाला केले होतेस?" मी विचारलं. उत्तर ठाऊक असूनही विचारलं.

'बाग तयार होती,' तिनं लिहिलं. मग त्याखाली, 'आणि'. खडू त्या शब्दावर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तळहातानं 'आणि' पुसून टाकला.

वर्ष गेलं. मी रोज संध्याकाळी बांध ओलांडून जायची. कधी पाटी, कधी नुसतं बसणं. पाचला ताट समोर यायचं. बायकांनी शेडात ती ओवी पुन्हा धरली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं जागेवर आलं.

या फेब्रुवारीत बाग तयार झाली. पश्चिमेला ढग होते, अंदाज पन्नास-पन्नास. मी पट्टा बांधला नाही. आदल्या संध्याकाळी आक्काला म्हटलं, उद्या येशील का, चव सांगायला. तिनं नुसती मान डोलावली.

सकाळी सातला ती आली. ओला पंचा, गळ्याला रुमाल, तोंड कोरं. मी उन्हातल्या ओळीत उभी होते. वेलीकडे हात नेला आणि खांद्याचा मणी तोडला. ती माझ्या हाताकडे बघत होती. मीही माझ्या हाताकडे बघत होते. बोटं सैल पडली का, की मी पाडली? पोटाचा मणी तोडला. बोटं आवळली गेली, मग मला वाटलं ही उगीच आवळली, म्हणून सोडली. टोकाचा मणी दोनदा धरून सोडला, मग तोडला.

तीन मणी तिच्या तळहातावर ठेवले. तिनं तोंडात टाकले नाहीत. माझं मनगट धरलं. अंगठा नाडीवर ठेवून, डोळे मिटून, तशी उभी राहिली. केतकीनं मला एकदा सांगितलं होतं, आपल्याला कुणी मोजतंय हे कळलं की नाडीसुद्धा निराळी चालते. तेव्हा मी ते नुसतं ऐकलं होतं. आता माझा हात आक्काच्या हातात होता, आणि त्याला सांगता येत नव्हतं. आपल्याला वाचलं जातंय हे त्याला कळलं होतं. हाताचं गुपित मीच उघडून बघितलं होतं.

आक्कानं डोळे उघडले. तिच्या ओठांवर 'आज'ही आलं नाही आणि 'थांब'ही नाही. तिनं हळूच मान हलवली. नाही. कळत नाही.

मी म्हटलं, पुन्हा तोडते, दुसऱ्या ओळीतले तोडते. तिनं माझं मनगट सोडलं. तळहातावरच्या तीन मण्यांतला पोटाचा उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या ओठांना लावला.

मी तोंड उघडलं नाही. ती थांबली. तिचे डोळे भरले होते, पण हात स्थिर होता, लहान मुलाला भरवताना धरावा तसा. मग मी तोंड उघडलं.

बायका क्रेट घेऊन बांधावर खोळंबल्या होत्या. आक्का पंचा सावरत बांधाकडे वळली होती. एकीनं मला विचारलं, "काय मग काकी, आज का?"

मणी माझ्या तोंडात फुटला होता. गोड होता की आंबट, मला कळत नव्हतं.